शेवटच्या नळावर रंग येतो का?

(पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पाणी तपासणीच्या क्षेत्रातून निवृत्त झालेल्या एका रसायनतज्ज्ञ बाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

सरपंचताई, वाचनालयाची मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या काकी, वहिनी, भावांनो,

हे माझं माहेर. घाटावरून घागर आणायची, ती हौदात ओतायची आणि आजीनं त्यात तुरटी फिरवायची, हे मी लहानपणी रोज पाहिलंय. तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं. जंतू मात्र तुरटीनं मरतीलच असं नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याची काळजी करायची सवय नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, ते कृष्णेचंच. दुष्काळी जतला, आटपाडीला पाणी कधी येणार ही चिंता. आपल्याकडे ते आहेच. म्हणून ते कसं आहे, हे विचारायचं आपल्याकडून राहून जातं.

मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी तपासलं. त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता यायचं नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गावाचा नमुना आमच्याकडे आला. नमुना रीतसर घेतलेला होता. निर्जंतुक बाटली, आत सोडियम थायोसल्फेट, सोबत बर्फ, आणि बाटली त्याच दिवशी पोचलेली. हे थायोसल्फेट कशाला, तर पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे थांबावा म्हणून. नाहीतर तो बाटलीतही जंतू मारत राहतो आणि नळाला पाणी जसं होतं तसं आम्हाला दिसत नाही. आम्ही तपासलं. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, नाही; नमुना घेताना नळावरच केलेली शिल्लक क्लोरीनची नोंद चांगली. ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल गेला. त्यावर माझी सही होती.

आठवड्याभरात त्याच गावातून जुलाब-उलट्यांचे रुग्ण यायला लागले. सगळे एकाच वस्तीतले, गावाच्या टोकाच्या. दोन लहान मुलं सलाईनवर होती. मी आरोग्य सेवकांबरोबर गावात गेले. आमचा नमुना टाकीच्या बुडाशी असलेल्या नळाचा होता. तिथे ओटी टेस्ट केली, म्हणजे क्लोरीन असला की पिवळा रंग देणाऱ्या द्रावणाचे थेंब पाण्यात टाकले; पाणी लगेच पिवळं झालं. चौकातल्या नळावर फिकट पिवळं. शाळेजवळ अगदी निरखून पाहिलं तर रंग, नाहीतर नाही. वस्तीतल्या शेवटच्या नळावर पाणी जसंच्या तसं, पांढरं. तिथली एक बाई मला म्हणाली, “ताई, आमच्याकडचं पाणी लय चांगलंय. गावात पावडरचा वास मारतोय, आमच्यात अजिबात न्हाई.”

ते वाक्य मी विसरलेले नाही. वास येत नाही, म्हणजे तिथपर्यंत क्लोरीन पोचतच नव्हता. आणि त्यालाच ती चांगलं पाणी म्हणत होती. तिची चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा अहवालही खोटा नव्हता, टाकीचं पाणी खरोखर पिण्याजोगं होतं. पण त्या वस्तीतलं कुणी टाकीच्या नळाचं पाणी पीत नव्हतं.

वाटेत काय झालं? पाइप गटारातून गेलेला, एका सांध्याला चीर. आता तुम्ही म्हणाल, पाण्याला दाब असतो, चिरेतून पाणी बाहेर जाईल, घाण आत कशी येईल? नळ सुरू असेपर्यंत ते खरं आहे. पण आपल्याकडे पाणी तास-दीड तास सुटतं. व्हॉल्व्ह बंद झाला की उंचावरच्या घरांतून पाणी खाली ओढलं जातं, पाइपात पोकळी होते आणि सांधा ज्या पाण्यात बुडालेला असेल ते पाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की सगळ्यात आधी तेच घागरीत. त्यात नळाला थेट मोटर लावणारे. माफ करा, पण इथेही दहा-बारा घरांना आहे, मघाशी येताना आवाज ऐकला. मोटर नुसतं शेजाऱ्याच्या वाटणीचं पाणी ओढत नाही, ती गटारसुद्धा ओढते, आणि ते पहिल्यांदा तुमच्याच घरात येतं.

गटाराचं पाणी आत आलं की उरलासुरला क्लोरीन त्याच्याशी झुंजण्यात संपतो. म्हणून शिल्लक क्लोरीन बघायचा. शेवटच्या नळावर लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरला असेल तर वाटेत फारसं काही घुसलेलं नाही, आणि घुसलंच तर निपटायला थोडं बळ बाकी आहे. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये किमान शिल्लक क्लोरीन हाच दिलेला आहे. ई-कोलायबद्दल तिथे सवलत नाही, १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये.

हे मानक नळाच्या पाण्यासाठी देशभर कायद्यानं सक्तीचं केलेलं नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१९ ला सुरू झालेल्या जल जीवन मिशननं ते मोजमाप म्हणून धरलं. त्या योजनेतसुद्धा नळ जोडला की काम संपलं असं म्हटलेलं नाही. माणशी रोज ५५ लिटर, नियमित, आणि ठरलेल्या दर्जाचं, असं तिन्ही मिळालं तर ती जोडणी चालू धरायची. पाणीपुरवठा ग्रामपंचायतीच्या हाती आहे. त्यामुळे दर्जा सांभाळतंय कोण, या प्रश्नाचं उत्तर मुंबईत किंवा दिल्लीत शोधायला नको, ते या मांडवात बसलंय.

आता पावडरीकडे येते, कारण खरी गडबड तिथे होते. टीसीएल, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबानं ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो लागते. म्हणजे सुमारे ८२ ग्रॅम क्लोरीन, लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडा जास्त. हीच पावडर फाटक्या पोत्यात, ओल्या खोलीत चार महिने राहिली आणि १२ टक्क्यांवर आली, तर त्याच पाव किलोत फक्त ३० ग्रॅम क्लोरीन. लिटरमागे ०.६. पावसाळ्यात नदी गढूळ असते तेव्हा यातला बराचसा गाळ आणि कुजका कचराच खाऊन टाकतो, वस्तीपर्यंत काय उरणार? जलसुरक्षकानं मापानं पावडर टाकलेली असते, वहीत २५० ग्रॅम लिहिलेलं असतं, ते खरंही असतं. म्हणून नवं पोतं आलं की त्यातली चिमूटभर तपासायला पाठवा आणि आलेली टक्केवारी पोत्यावरच लिहा. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

आणि पावडर कोरडी टाकीत उधळू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चुना खाली बसेल. वरची निवळी टाकीत जाऊ द्या, चुना नको. त्यानंतर निदान अर्धा तास तरी व्हॉल्व्ह उघडायचा नाही. क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ लागतो. पहाटे लोक ओरडतात म्हणून पावडर टाकली की लगेच पाणी सोडलं जातं, हे मी शेकडो ठिकाणी पाहिलंय. पाणी सोडणाऱ्या माणसावर ओरडू नका, त्याला तो अर्धा तास द्या.

ओटीबद्दलही एक. रंग लगेच बघायचा, दहा सेकंदांत. पाच मिनिटांनी येतो तो रंग कामाच्या क्लोरीनचा असेलच असं नाही. पाण्यात लोह असलं तरी पिवळटपणा येतो. ते द्रावण हाताला, तोंडाला लागू देऊ नका, आणि तपासलेलं पाणी पुन्हा हंड्यात ओतू नका. आता गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी मिळते, परवडली तर ती घ्या.

क्लोरीननं जंतू मरतात, पण आपल्या भागात जंतूंपलीकडचं एक दुखणं आहे. ऊस. युरिया टाकायचा, पाटपाणी सोडायचं, आणि मुळांना न लागलेला नायट्रेट झिरपून विहिरीत. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्याच्या वर सवलत नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून तो जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतो. तान्ह्या बाळाला वरचं दूध याच पाण्यात कालवून देतात, आणि धोका सगळ्यात जास्त त्यालाच, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. नदीची योजना बंद पडली की आपण मळ्यातल्या विहिरीला पंप जोडतो. ती विहीर तपासलीय का, एवढं त्या दिवशी कुणीतरी विचारा.

लग्नात, पंचायतीत, आता घरोघरी थंड जार आलेत. सील नसलेल्या, रोज धुऊन भरायच्या जारमध्ये क्लोरीन राखलेला नसतो. जार भरतात तिथून पाणी शुद्ध निघालं तरी जार, तोटी, ग्लास यांतून जे शिरेल त्याला अडवणारं काही नाही. गार लागतं, गोड लागतं, म्हणून ते सुरक्षित असं समजू नका. नळाचं पाणी नीट ठेवलं तर तो खर्च वाचेल.

२०१९ चा पूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, जॅकवेल म्हणजे नदीकाठची पाणी उचलायची विहीर, मळ्यातल्या विहिरी, व्हॉल्व्हचे खड्डे, सगळं बुडालं. पूर ओसरल्यावर आपण घरं धुतली, पण पाइपलाइन? टाकी रिकामी करून घासायची, दामदुप्पट क्लोरीनचं पाणी सगळ्या पाइपांतून खेळवायचं, ते सोडून द्यायचं, आणि मग शेवटच्या नळावर तपासून लोकांना प्यायला सांगायचं. ते होईस्तोवर पाणी उकळून. २०२१ ला पुन्हा तेच झालं. पुढच्या वेळी हे काम कोण करणार, त्याचं नाव आताच ठरवा.

आरोग्य खातं वर्षातून दोनदा सर्वेक्षण करतं आणि हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. आपल्याला हिरवं मिळालंय, कार्यालयात चौकटीत लावलेलं पाहिलं. अभिमान वाटला. पण ते कार्ड पाहणीच्या दिवसाचं. मी मघाशी क्लोरीनची वही मागून घेतली. सहा महिने रोज एकच अक्षर, एकाच पेनानं लिहिलेलं ‘आहे, आहे, आहे’. ज्यानं लिहिलं त्याला मी दोष देत नाही. ‘नाही’ लिहिलं तर बोलणी बसतात हे त्याला माहीत आहे. सरपंचताई, ज्या दिवशी वहीत ‘शेवटच्या नळावर रंग नाही’ असं लिहिलेलं दिसेल, त्या दिवशी त्या माणसाला चहा द्या आणि त्याच्याबरोबर पाइप बघायला चला.

तीन ठिकाणं ठरवा. टाकी, शाळा, खालच्या वस्तीचं शेवटचं घर. रोजचे तीन आकडे पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा, वाचता येईल असे. शून्य असेल तर शून्य. गावोगावी पाच महिलांना तपासणी किटचं शिक्षण द्यायचं आहे, आपल्या पाच जणींची नावं मला यादीत दिसली. त्यातल्या दोघींनी मघाशी सांगितलं, किट अजून उघडलेलंच नाही.

उद्या सकाळी खालच्या वस्तीत सहाला पाणी सुटतं असं कळलं. मी आज मुक्कामी आहे. त्या दोघी किट घेऊन येणार आहेत, बाकीच्या तिघींनीही यावं. पाणी सुटल्या सुटल्या जे पहिलं येतं त्याचा एक नमुना घेऊ, आणि पाच मिनिटं वाहू दिल्यावर दुसरा. मोटरवाल्यांनी उद्याचा एक दिवस मोटर लावू नये, म्हणजे त्या घरांपर्यंत खरं काय पोचतं ते कळेल.