फ्लॉपीच्या पाकिटातलं अस्तर

ही आठ इंची फ्लॉपी, संगणकाची माहिती साठवायची जुनी चकती. काळं चौकोनी पाकीट, एका कोपऱ्याला धरून हलवलं की लवतं. मधल्या गोल भोकातून आतली तपकिरी चकती दिसतेय ना? पातळ प्लॅस्टिक आणि त्यावर आयर्न ऑक्साइडचा लेप, जसा कॅसेटच्या फितीवर असायचा.

गोष्ट सुरू होते १९६७ साली, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, आयबीएम या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत. संगणकाला लागणाऱ्या अगदी मुळाच्या सूचना, म्हणजे मायक्रोकोड, आधीच्या मशीनमध्ये कायमच्या बसवलेल्या असत. येऊ घातलेल्या सिस्टम/३७० या संगणक-मालिकेत त्या सेमीकंडक्टर मेमरीत ठेवायचं ठरत होतं. पण वीज गेली की ही मेमरी कोरी! मशीन सुरू करताना दर वेळी सगळं नव्यानं भरायचं, तेही स्वस्तात. शिवाय सूचनांमध्ये दुरुस्ती झाली, तर ती ग्राहकाला टपालानं पाठवता यायला हवी. तिथल्या ॲलन शुगार्ट यांनी हे काम सहकारी डेव्हिड नोबल यांच्याकडे दिलं.

नोबल यांनी फितीचा विचार करून पाहिला आणि अखेर ते लवचीक चकतीवर आले. ही चकती सुरुवातीला उघडी होती. आणि तिथेच धूळ आडवी आली.

हार्ड डिस्कमध्ये हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, चकतीच्या किंचित वर तरंगतं. फ्लॉपीत ते चकतीला टेकूनच वाचतं. मध्ये एक कण सापडला, की ओरखडा उठलाच, आणि त्याखालची माहिती गेली. अशी चकती टपालात टाकायची कशी?

मग चकती पाकिटात कायमची बंद केली आणि पाकिटाला आतून अस्तर लावलं, न विणलेल्या मऊ कापडाचं. पाकीट जागच्या जागी राहतं, आत चकती फिरते आणि फिरता फिरता पुसली जाते. धूळ त्या कापडाच्या तंतूंत अडकून बसते. सफाईसाठी वेगळी मोटर नाही, वेगळा भाग नाही. चकती फिरतेय तेवढं पुरे. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात देखणी वाटते ती हीच गोष्ट. पाकिटाचं पेटंट १९७२ मध्ये राल्फ फ्लोरेस आणि हर्बर्ट थॉम्पसन यांच्या नावे झालं, ड्राइव्हचं, म्हणजे फ्लॉपी फिरवून वाचणाऱ्या यंत्राचं, वॉरेन डाल्झील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या.

१९७१ मध्ये ही फ्लॉपी मशीनसोबत बाहेर पडली. मावायचे जेमतेम ८० किलोबाइट, आणि ग्राहकाला ती फक्त वाचता यायची. १९७३ मध्ये आयबीएमच्या ३७४० यंत्रणेत लिहिण्याचीही सोय आली. एका फ्लॉपीवर १२८ अक्षरांच्या १,८९८ नोंदी! ८० अक्षरांची पंच कार्डं, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायची कार्डं, वापरणाऱ्यांसाठी, एका नोंदीत एक कार्ड धरलं, तर ही कार्डांची जवळजवळ अख्खी पेटीच होती, आणि ती आता एका हातात मावत होती.

शुगार्ट तोवर आयबीएम सोडून गेले होते. १९७३ मध्येच त्यांनी स्वतःची कंपनी काढली. छोट्या संगणकांना आठ इंची ड्राइव्ह फार मोठा पडत होता, म्हणून १९७६ मध्ये या कंपनीनं सव्वापाच इंचांचा एसए-४०० आणला. तेव्हा शुगार्ट स्वतः मात्र तिथे राहिले नव्हते.

आणि ही साडेतीन इंची, कडक कवचाची, सरकत्या पत्र्याची. कडेला नख घालून कवच उकलूया. हे बघा, चकतीच्या वर आणि खाली, पांढरं मऊ कापड.