गावातला संगणक बंद का पडतो?

मंडळी, तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांत दृष्टी केंद्रं उघडली. केंद्रात डॉक्टर नसतो, प्रशिक्षित तंत्रज्ञ असते. ती चष्म्याचा नंबर काढते, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली, डोळा पाहते, त्याचा फोटो पाठवते. मग थेनीचे डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतात. 2005 च्या सुमारास केंद्र आणि रुग्णालय जोडणारे हे दुवे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एरिक ब्रूअर यांच्या गटाने साध्या वायफायवर उभे केले.

घरातलं वायफाय इतक्या लांब कसं गेलं? दोन्ही टोकांना एकमेकांकडे रोखलेले जाळीचे अँटेना बसवून. पण तेवढ्याने भागत नाही. वायफाय माहितीची छोटी पुडकी करून पाठवतं आणि प्रत्येक पुडक्याची पोचपावती मागतं. 15 किलोमीटर जाऊन यायला लहरींना 100 मायक्रोसेकंद लागतात. वायफायची मूळ मांडणी तेवढी थांबतच नाही, पुडकं हरवलं असं समजून पुन्हा पाठवते आणि वेग कोसळतो. म्हणून ती वाट पाहण्याची मुदत वाढवावी लागते, किंवा दोन्ही टोकांनी बोलण्याच्या पाळ्या ठरवून घ्याव्या लागतात. शिवाय नुसतं समोरचं टोक दिसणं पुरत नाही. 2.4 गिगाहर्ट्झवर 15 किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर सरळ रेषेखाली साधारण 13 मीटर मोकळी जागा हवी. आज मोजलेली ही जागा पाच वर्षांत नारळ खाऊन टाकतो, तेव्हा मनोरा झाडांची वाढ धरूनच उभारा.

एवढं जमलं तरी केंद्रं बंद पडायची, आणि कारण बहुतेक वेळा विजेत सापडायचं. गावच्या तारेतून कधी झटका येतो, कधी विजेचा दाब (व्होल्टेज) एकदम खाली जातो. लिहीत असताना वीज गेली की राउटरचं मेमरी कार्ड खराब होतं. ते फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवलं की हा त्रास जातो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे हळूहळू उतरणारी बॅटरी. राउटर ना चालू ना बंद अशा अवस्थेत गोठतो, दिवा मात्र जळत राहतो. बॅटरीही पूर्ण पिळली जाऊन मरते. यावर उपाय म्हणजे कमी दाबाला पुरवठा साफ तोडणारा चार्ज कंट्रोलर. 12 व्होल्टच्या बॅटरीला तो साधारण साडेअकरा व्होल्टला तोडतो आणि नीट भरल्यावरच पुन्हा जोडतो. हे स्वस्त यंत्र वगळून महागडा कॅमेरा घेणं मला चुकीचं वाटतं.

हिशेब आधी करा. 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच ऊर्जा काढायची, म्हणजे 600 वॉट-तास. संगणक, पडदा, राउटर मिळून 60 वॉट धरले, तर इन्व्हर्टरची गळती वजा जाता आठ-नऊ तास. याच बॅटरीच्या सॉकेटवर पंखा लावला की गणित बिघडलं. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर आणि अर्थिंग महिन्याला तपासा.

आणि दुवा मंदावला, तर आधी चलचित्र बंद करा, आवाज ठेवा. निदानाला हलतं धूसर चित्र उपयोगाचं नाही. डोळ्याचा स्थिर, पूर्ण आकाराचा फोटो दोन मिनिटं उशिरा पोचला तरी चालतो.

शेवटी, दुरुस्ती फोनवरून होते, म्हणून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी चिकटवा आणि बरोबर जोडणीचा फोटो भिंतीवर लावा. ‘पिवळी तार काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा’ एवढं सांगितलं की केंद्रातल्या ताईला माणूस यायची वाट पाहावी लागत नाही.