संथ सुरुवातीचा हिशेब

मित्रहो, रविवारी दुपारी आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी चार-पाच कुटुंबे अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला जमतात, लाडक्या संघाचे पहिले दोन ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन केलेल्या चढाया, वाया जातात, आणि चहाचे कप रिकामे व्हायच्या आत निवाडा होऊन जातो की ‘आपला क्वार्टरबॅक नेहमीच उशिरा जागा होतो.’ क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू. आज मला या वाक्याची तपासणी करायची आहे, आणि त्यातही ‘नेहमीच’ या शब्दाची जरा जास्तच.

सामन्यात प्रत्येक संघाला चेंडू घेऊन पुढे जाण्याच्या साधारण दहा ते बारा संधी मिळतात. त्यांतल्या दोन-तीनच पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात, येतात. २०२१पासून एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगचा नियमित हंगाम १७ सामन्यांचा झाला असला, तरी हंगामभरात पहिल्या क्वार्टरचे म्हणून चाळीस-पन्नास ड्राइव्हच हाती लागतात, आणि त्या प्रत्येकाचे भवितव्य सुरुवातीची जागा, वारा, एखादा निसटलेला झेल किंवा लाइनमनने ओढवून घेतलेली पेनल्टी अशा गोष्टींवर अवलंबून असते. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर एखाद्या माणसाचा स्वभाव ठरवणे म्हणजे दोन षटके पाहून फलंदाजाची कुंडली मांडण्यासारखे आहे.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे उदाहरण घ्या. न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडून तो २००२ ते २०१९ या काळात नऊ सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, खेळला, आणि त्या नऊ सामन्यांच्या पहिल्या क्वार्टरमध्ये त्याच्या संघाचे सगळे मिळून गुण झाले तीन. होय, तीनच, म्हणजे एक फील्ड गोल (गोलखांबांमधून चेंडू लाथाडून मिळवलेले गुण). तरीही नऊपैकी सहा सामने त्यांनी जिंकले. गंमत अशी की तो एकुलता एक फील्ड गोल २०१८च्या सामन्यातला होता. त्या दिवशी ब्रेडीने पासमधून ५०५ यार्डांचा सुपर बोल विक्रम केला आणि पॅट्रियट्स फिलाडेल्फियाकडून ४१-३३ असे हरले. ‘ब्रेडी मोठ्या सामन्यात संथ सुरुवात करतो’ हे वाक्य आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे, आणि तरीही त्यातून निकालाविषयी काहीही कळत नाही. याचे एक साधे कारण असे की त्या नऊपैकी पाच सामन्यांत पहिल्या क्वार्टरअखेर फलक ०-० असाच होता. प्रतिस्पर्धीही तितकेच संथ होते. केवळ त्यांच्या संथपणाची चर्चा करायला कुणी उरले नाही.

आता दुसरे उदाहरण, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १२ जानेवारी २०२० रोजी कॅन्सस सिटी चीफ्स आपल्याच मैदानावर ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध २४-० असे मागे पडले. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याची सुरुवात संथ झाली असे फलकाकडे पाहून कुणीही म्हणेल. पण त्या चोवीस गुणांचा माग काढला, तर त्यांतला एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) अडवलेल्या पंटवर (चेंडू सोडून देताना मारलेल्या लांब किकवर) झाला होता, दुसरा चीफ्सच्याच टायरिक हिलच्या हातून पंट निसटल्यामुळे मिळालेल्या सोप्या जागेवरून झाला होता, आणि महोम्सचे चांगले पासही सहकाऱ्यांच्या हातांतून सुटत होते. पुढे चीफ्सने ओळीने सात ड्राइव्हवर सात टचडाउन केले आणि सामना ५१-३१ असा जिंकला. क्वार्टरबॅक तोच, त्याचा हातही तोच होता. पहिल्या क्वार्टरचा दोष त्याच्या नावावर लिहिणे हा हिशेबाचा घोटाळा झाला.

म्हणजे संथ सुरुवातीला काहीच किंमत नसते का? असते, पण ती घड्याळात मोजायची नसून गुणांत आणि त्या गुणांमुळे पुढे कराव्या लागणाऱ्या खेळात मोजायची असते. सात-दहा गुणांनी मागे असलेला संघ आपला ठरलेला खेळ खेळत राहू शकतो. वीस-बावीसने मागे पडला की चेंडू घेऊन धावण्याचे डाव, म्हणजे चाली, सोडून द्यावे लागतात, पास येणार हे समोरच्या बचावफळीला आधीच ठाऊक असते, आणि तिचे धिप्पाड गडी कसलीही शंका न बाळगता थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. २०१४च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरचा पहिलाच स्नॅप, म्हणजे चाल सुरू करताना मागे दिलेला चेंडू, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या बाजूने निसटून मागे गेला आणि अवघ्या बारा सेकंदांत, चेंडू डेन्व्हरच्याच गोलरेषेमागे अडकल्याने, सिअ‍ॅटलला सेफ्टीचे दोन गुण मिळाले. मध्यंतराला २२-० अशी स्थिती होती. मॅनिंगने त्या दिवशी ३४ पास पूर्ण केले, जो तोवरचा सुपर बोलमधला उच्चांक होता, आणि संघाचे गुण झाले आठ. सामना ४३-८ असा गेला. पिछाडीतून आलेले आकडे किती पोकळ असू शकतात, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

सुरुवात संथ दिसण्यामागे कधी कधी हेतूही असतो. बिल वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक असताना सामन्याचे पहिले पंचवीस डाव आधीच लिहून ठेवत, आणि त्यांतले काही डाव यार्ड मिळवण्यापेक्षा अमुक रचनेला बचाव कसा हलतो हे पाहण्यासाठी असत. ती चौकशी असते. तिचा उपयोग तिसऱ्या क्वार्टरमध्ये होतो.

उलट बाजूने पाहायचे तर २०११चा डेन्व्हरचा क्वार्टरबॅक टिम टीबो आठवा. मायामीविरुद्ध शेवटची तीन मिनिटे उरेपर्यंत डेन्व्हर १५-० मागे होते, आणि शिकागोविरुद्ध अगदी अखेरपर्यंत १०-०. दोन्ही सामने त्यांनी जादा वेळेत जिंकले, आणि टीबोच्या जिद्दीची कीर्ती देशभर झाली. मला त्या कीर्तीचे कौतुक कमी आणि त्या पंधरा व दहा या आकड्यांचे जास्त वाटते, कारण तिथवर थोपवून धरले होते बचावफळीने, आणि शिकागोविरुद्ध ५९ यार्डांवरून बरोबरी साधली ती मॅट प्रेटर या किकरने. पुढच्या जानेवारीत पॅट्रियट्सने मध्यंतरापर्यंतच ३५-७ केले, तेव्हा पुनरागमनाला जागाच उरली नाही, आणि मार्चमध्ये डेन्व्हरने मॅनिंगला करारबद्ध केले.

शेवटी २०१२चा सुपर बोल, कारण त्यात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. पॅट्रियट्सच्या पहिल्याच डावात ब्रेडीने स्वतःच्या एंड झोनमधून, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यातून, कुणीही गडी नसलेल्या जागी चेंडू फेकला, पंचांनी तो मुद्दाम फेकल्याचा निर्णय दिला, आणि न्यू यॉर्क जायंट्सना सेफ्टीचे दोन गुण मिळाले. त्यानंतर त्याच सामन्यात त्याने ओळीने सोळा पास पूर्ण करून विक्रम केला, म्हणजे त्याचा हात पुरता तापला होता. पण अखेरच्या मिनिटाला पॅट्रियट्स १७-१५ असे पुढे असताना जायंट्स गोलरेषेजवळ पोहोचले होते, आणि त्यांना जिंकायला सोपा फील्ड गोल पुरेसा होता; म्हणून घड्याळात थोडा वेळ वाचावा यासाठी पॅट्रियट्सनी त्यांना मुद्दाम टचडाउन करू दिला आणि सामना २१-१७ असा गमावला. पहिल्या डावातले ते दोन गुण नसते, तर फलक १७-१३ असता, जायंट्सना फील्ड गोल पुरला नसता, आणि पॅट्रियट्सच्या बचावफळीला बाजूला होण्याची वेळच आली नसती.