कोचची हद्द कुठवर?

(दृश्य: नाशिक, गंगापूर रोड, सकाळची वेळ. पहिल्या मजल्यावरची खोली, दोन खुर्च्या, गोल टेबल. टेबलावर दोन पानांचा करार.)

लाइफ कोचिंग म्हणजे माणसाला त्याचं ध्येय ठरवायला आणि ते गाठायला प्रश्न विचारून मदत करणं. ते काम सुरू होतं ते या दोन पानांपासून. वर तारीख, खाली दोघांच्या सह्या. मधे सगळा व्यवहार: तीन महिन्यांत आठ भेटी, प्रत्येक भेट एक तासाची, फी कधी द्यायची, भेट रद्द करायची तर 24 तास आधी कळवायचं. कोच काय टिपून ठेवणार आणि ते कुणाला दाखवणार नाही, तेही. आता दुसऱ्या पानाचा खालचा भाग बघा. “कोचिंग हा मानसिक आजारावरचा उपचार नाही. तशी गरज दिसली तर कोच स्पष्ट सांगेल आणि काम थांबवेल.”

हे वाक्य करारात हवंच. आपल्याकडे लाइफ कोचची पाटी लावायला परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना प्रमाणपत्रं देते. पहिल्या पायरीला किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव, दुसरीला 125 आणि 500 तास. ज्याने ते घेतलंय त्याने कष्ट घेतलेत, पण सक्ती कुणावरच नाही. अशा वेळी क्लायंटच्या हातात खात्रीचं म्हणावं असं काही असेल, तर तो हा कागद.

(दृश्य: सातपूर एमआयडीसी, शिफ्ट सुटतानाचं गेट. मग पुन्हा खोली.)

पुढे दिसतंय ते सराव-सत्र आहे. समोर बसलेले गृहस्थ प्रॉडक्शन सुपरवायझरची भूमिका करताहेत, नुकतंच प्रमोशन झालेल्या. खऱ्या क्लायंटच्या भेटीत कॅमेरा नेलेला नाही, नेऊही नये.

(दृश्य: कागदावरचं वर्तुळ, आठ भाग, पेन्सिल.)

आधी हे चक्र. नोकरी, पैसा, तब्येत, जोडीदार, घरचे, मित्र, शिकणं, विरंगुळा. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. बरेच जण सगळीकडे पाच-सहा टाकून मोकळे होतात आणि अशा चक्रातून काहीच कळत नाही. त्यावर कोचचा प्रश्न ठरलेला: “या पाचाचे सहा झाले, तर घरात किंवा कामावर कुणाला आधी कळेल? आणि कशावरून?”

(दृश्य: व्हाइटबोर्ड. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निर्धार.)

या चार पायऱ्या 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवल्या. लिहायला सोप्या आहेत, पण पहिल्याच पायरीवर बहुतेक सत्रं घसरतात. ऐका.

“मला आत्मविश्वास वाढवायचाय, मॅडम.”

“तो वाढलाय हे तुमच्या साहेबांना कशावरून समजेल?”

(दृश्य: घड्याळाचा सेकंदकाटा. क्लायंटचे हात.)

इथे कोच गप्प आहे. पाच सेकंद, आठ, दहा. नवशिका कोच तिसऱ्या सेकंदाला घाबरतो आणि स्वतःच उत्तर सुचवतो. तिथून पुढे ध्येय कोचचं होतं, क्लायंट फक्त मान डोलावतो.

“सोमवारच्या मीटिंगमध्ये आकडे मी स्वतः मांडीन. आत्ता माझा असिस्टंट मांडतो.”

आता धरता येईल असं काही हाती लागलं. सहा आठवडे, सहा सोमवार. मांडलं की नाही, मोजता येतं. ध्येय त्यांचंच आहे ना, हेही इथेच तपासून घ्यायचं. बायकोला हवंय म्हणून, एचआरने पाठवलं म्हणून ठरलेली ध्येयं तिसऱ्या भेटीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

सद्यस्थितीत मागचे चार सोमवार एकेक करून विचारले जातात. “का नाही मांडलंत?” असं कोच विचारत नाही, कारण त्यावर माणूस सफाई देतो. “त्या क्षणी काय आडवं आलं?” म्हटलं की प्रसंग सांगतो. इथे सांगितलेला प्रसंग असा: साहेबांनी रिजेक्शनचा, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मालाचा, आकडा विचारला, तो पाठ होता, तरी नजर आपोआप असिस्टंटकडे गेली.

पर्याय किमान पाच काढायचे. पहिले दोन हमखास करून झालेले किंवा कुणीतरी सांगितलेले असतात. तिसऱ्यानंतर “आणखी?” एवढंच विचारत राहायचं. सल्ला द्यायचा मोह इथे सर्वांत जास्त. आणि तो आवरायचा असतो, कारण दुसऱ्याचा सल्ला फसला की माणूस तो देणाऱ्यावर ढकलून मोकळा होतो.

शेवटी निर्धार. रविवारी संध्याकाळी सगळा रिपोर्ट तीन ओळींत लिहायचा आणि सोमवारी वाचून दाखवायचा, असं ठरलं. “हे नक्की होईल याची खात्री दहापैकी किती?” उत्तर आलं पाच. सात किंवा त्याच्या वर गेल्याशिवाय कोच पुढे सरकत नाही. काम लहान केलं: सगळा रिपोर्ट असिस्टंट मांडेल, रिजेक्शनचा एकच आकडा सुपरवायझर स्वतः सांगतील. खात्री आठवर गेली. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न याच आकड्याचा.

फी कंपनी भरत असेल तर करार तिघांचा होतो. कंपनीला हजेरी आणि ठरलेलं ध्येय एवढंच कळवायचं, बाकी काही नाही. हे आधी लिहून घेतलं नाही तर क्लायंट तोंड उघडत नाही, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

(दृश्य: दुसरी खोली, रिकामी. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. टेबलावर माहिती भरण्याचा फॉर्म.)

ही थेरपिस्टची, म्हणजे मानसिक आजारावर बोलण्यातून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची खोली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, आणि या दोघांपैकी औषधं तेच लिहून देतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात या दोघांची व्याख्या आहे. लाइफ कोचची नाही.

फॉर्म जवळून बघा. झोप कशी आहे, भूक, वजन, आधीचे आजार, चालू औषधं, दारू-तंबाखू, घरात कुणाला मानसिक आजार होता का, मरणाचे विचार येतात का. कोचच्या कागदावर यातलं जवळपास काहीच नसतं, कारण निदान करणं त्याचं काम नाही. थेरपिस्ट निदान करतो, उपचाराचा आराखडा आखतो आणि फरक पडतोय का ते मोजतो. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची तपासणी वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण 0 ते 27. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट मूल्यमापन करायचं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एकूण गुण कितीही कमी असोत, तिथे शून्याहून जास्त आलं तर त्याच भेटीत त्यावर बोलायचं.

थेरपी म्हणजे भूतकाळ आणि कोचिंग म्हणजे भविष्य, असं सरसकट सांगितलं जातं. ते निम्मंच खरं आहे. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही थेरपीची पद्धत बरीचशी आजच्या विचारांवर आणि आजच्या वागण्यावर चालते, गृहपाठही देते. वरवर पाहिलं तर कोचिंगसारखीच दिसेल. फरक जबाबदारीचा आहे. आजार ओळखणं आणि त्यावर उपचार करणं ही थेरपिस्टची कायदेशीर, व्यावसायिक जबाबदारी. कोच ते करायला गेला तर तो हद्द ओलांडतो.

(दृश्य: पुन्हा पहिली खोली. कोचची वही, पेन खाली ठेवलेलं.)

म्हणून कोचने कान उघडे ठेवायचे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, कशातच मन नाही, अचानक छाती धडधडून घाम फुटणं, जुन्या अपघाताची दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, दारू वाढलेली. सलग तीन भेटी ठरवलेलं काम झालेलं नाही, तर तो आळस आहे असं गृहीत धरायचं नाही. हे ऐकू आलं की ध्येय बाजूला. “तुम्ही सांगताय त्याला उपचार आहेत, आणि ते माझं क्षेत्र नाही,” असं सरळ बोलायचं, दोन-तीन नावं द्यायची, वहीत तारखेसह नोंद करायची.

मरणाचा विषय निघाला तर थेट विचारायचं. विचारल्याने धोका वाढत नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं कुलपात टाकायला सांगायची, 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावायचा किंवा थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं.

(दृश्य: जिल्हा रुग्णालयाचं प्रवेशद्वार, बाहेरून.)

उपचार सुरू असताना कोचिंग चालू शकतं, थेरपिस्टला माहीत असेल तर. दोघांनी एकमेकांशी बोलायचं असेल तर क्लायंटची लेखी संमती हवी. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, आणि नेमकं याच काळात लोक कोचला विचारतात, “मॅडम, गोळ्या बंद करू का?” कोचने हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. डॉक्टरांचा नंबर लावून फोन क्लायंटच्या हातात द्यायचा.