छत्तीस, एक

(व्हरांडा. मुलांची रांग. बॅटरीचा उजेड.)

पालघर जिल्ह्यातली एक आश्रमशाळा. बाकावर मुलगा आडवा झालाय. डॉक्टरबाईंच्या कपाळाला बॅटरी, हातात छोटा आरसा. शेजारच्या टेबलाशी सिस्टर तक्ता भरतायत.

"सोळा, शून्य. सव्वीस, शून्य. छत्तीस, एक. शेहेचाळीस, एक."

प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो. छत्तीस म्हणजे खालची, डावीकडची मोठी दाढ. पुढचं शून्य म्हणजे दाढ चांगली. एक म्हणजे किडलेली.

(जवळून : दाढ.)

ही ती दाढ. मधोमध काळा खळगा. बोथट सळई टेकवली की तळ मऊ लागतो. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागे, आधीचा एकही दात न पडता. म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. किडली तर किडली, पडून नवी येईल, असं म्हणतात. नवी येत नाही. हिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, तिथे ब्रशचा केसही पोचत नाही. गोड अडकून राहतं, जंतू त्याचं आम्ल करतात, आणि दाताचं टणक कवच विरघळत जातं.

(वर्ग. फळ्यावर खडूने आकडे.)

आता थोडं गणित, कारण खरी गोष्ट इथेच दडते.

२००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांमागे किडलेले, किडीमुळे काढलेले किंवा भरलेले दात निघाले सरासरी १.८. जागतिक पातळीवर २००० सालासाठी ठरवलेली मर्यादा होती ३. कागदावर सगळं ठीक.

पण त्याच सर्वेक्षणात कीड लागलेली मुलं होती ५३.८ टक्के. हा हिशेब ३० मुलांच्या वर्गावर मांडू. असे दात होतात ५४. चौदा मुलांच्या तोंडात असा एकही नाही. सगळेच्या सगळे ५४ उरलेल्या सोळा जणांचे. त्यांच्यातही वाटणी सारखी नसते. समजा, सहा जणांचे मिळून नऊ. मग दहा मुलांच्या वाट्याला ४५ दात. प्रत्येकी साडेचार!

स्वीडनमधल्या माल्मोचे दंततज्ज्ञ डग्लस ब्रॅटहॉल यांनी २००० साली हेच सुचवलं : सगळ्या वर्गाची सरासरी बघून थांबू नका, सर्वाधिक कीड असलेली एक तृतीयांश मुलं वेगळी काढा आणि त्यांची सरासरी मोजा. आमचंही म्हणणं एवढंच आहे. ही दहा मुलं आधी मोजा, आधी त्यांच्यापाशी पोचा.

(फाटकाबाहेरची टपरी. बरण्या. बिस्किटांचे पुडे.)

गोड इथे हाताशी आहे. दाताचा दवाखाना एसटीच्या अंतरावर आहे. रात्री दाढ ठणकते, एकाच बाजूने चावायची सवय लागते, शाळा बुडते.

(पुन्हा व्हरांडा.)

शाळेतल्या मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या ३० आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. कीड दिसली की हातात चिठ्ठी मिळते. चिठ्ठीपासून दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंतचा रस्ता मुलाने कुणाबरोबर गाठायचा?

या व्हरांड्यात म्हणूनच खुर्चीची वाट पाहिली जात नाही. वीज नाही, ड्रिल नाही. हाताच्या अवजाराने मऊ भाग खरवडायचा, कापसाने दाढ कोरडी करायची, पट्टीवर दात भरायचं सिमेंट कालवायचं आणि चिरांसकट खळगा बुजवायचा. बोटाने दाबून धरायचं.

(जवळून : बोट, दाढ, पांढरं सिमेंट.)

"जीभ नको लावू, बाळा. झालंच."

सिस्टर छत्तीसपुढचा एक खोडून तिथे तीन लिहितात. तीन म्हणजे भरलेली.

"आता तासभर काही खायचं नाही हं. चल, पुढचा कोण?"