घेऊन जा गे मारबत: एका हॅशटॅगची जुळवाजुळव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच नागपूरच्या इतवारी आणि महाल भागातल्या गल्ल्या माणसांनी फुलून जातात. १८८१ पासून निघणारी काळी मारबत, १८८५ पासून निघणारी पिवळी मारबत हे स्त्रीरूपी पुतळे आणि गळ्यात महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंतच्या तक्रारींच्या पाट्या अडकवलेले बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, पाहायला लोटलेल्या गर्दीतून एकच आरोळी उठत राहते: "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ज्याला जे दुखणे शहराबाहेर घालवायचे असेल ते तो आरोळीच्या सुरुवातीला जोडतो, पण पुढचे शब्द सगळ्यांचे सारखेच राहतात आणि त्यामुळेच हजारो तोंडांची ती एक आरोळी होते. समाजमाध्यमांवर हॅशटॅगकडून अपेक्षा असते ती एवढीच.

एका विषयावरची बोलणी एकत्र सापडावीत म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावण्याची सूचना क्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर केली. कंपनीला ती फारशी रुचली नाही. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन डिएगो परिसरात वणवे भडकले, तेव्हा आगीच्या खबरा एकमेकांना कळवण्यासाठी लोकांनीच ते चिन्ह उचलले आणि २००९ मध्ये ट्विटरने अशा शब्दांना दुवा जोडला.

आता डोळ्यांसमोर आणू या मारबतीची छायाचित्रे काढणाऱ्या एका तरुणीचा मोबाइल. इंधन दरवाढीची पाटी मिरवणाऱ्या बडग्याच्या छायाचित्राखाली तिने सवयीने #लव्ह, #इन्स्टागुड आणि #फोटोऑफदडे असे शब्द रोमन लिपीत लिहिले आहेत. या शब्दांखाली जगभरातून क्षणाक्षणाला इतकी छायाचित्रे येऊन पडतात की त्यांत हा बडग्या शोधणे म्हणजे कळमन्याच्या धान्यबाजारात सांडलेला आपल्याच पोत्यातला दाणा शोधणे होय. इन्स्टाग्रामवर अनेक वर्षे एका छायाचित्राला तीस हॅशटॅग लावण्याची मुभा होती आणि त्या मुभेनेच बहुतेकांची सवय बिघडवली, असे आम्हाला वाटते. नेमके चार-पाच शब्द पुरतात.

ते चार-पाच कोणते, हे ठरवताना खरी गंमत सुरू होते. #नागपूर आणि #नागपुर हे आपल्या डोळ्यांना एकच गाव वाटते, पण संगणकासाठी दीर्घ ऊकार आणि ऱ्हस्व उकार ही दोन वेगळी चिन्हे आहेत. त्यामुळे मराठी वळणाने लिहिणारे एका पानावर जमतात, तर हिंदी वळणाने लिहिणारे दुसऱ्या. दोन्ही भाषा एकाच पानठेल्यावर बोलणाऱ्या या शहरात दोन्ही रूपे लावणे हाच शहाणपणा आहे. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे थोडे डोळे मिटावेत.

मग तिला वाटते की आरोळीच हॅशटॅग करावी. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, जागा सोडली की तो तिथेच तुटतो, म्हणून ती सगळे शब्द जोडून #घेऊनजागेमारबत असे लिहिते आणि स्वतःच हसू लागते, कारण 'जा गे'चे आता 'जागे' झाले आहे आणि मारबत जणू कुणाला तरी झोपेतून उठवायला निघाली आहे. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून ही अडचण टाळता येते, शिवाय दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालींनाही शब्द नीट सुटे करता येतात. देवनागरीत मोठी अक्षरे नसल्यामुळे खालची रेघ कामाला येते. संयोगचिन्हाने मात्र काम होत नाही, तेही हॅशटॅग तोडते. ती पुन्हा लिहिते: #घेऊन_जा_गे_मारबत.

कोणता शब्द निवडावा हे तो कोणाच्या नजरेस पडायला हवा यावर अवलंबून असते. संत्र्याच्या बागाईतदाराने #मृगबहार (म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातून येणारे पीक) लिहिले, तर ते व्यापाऱ्याला आणि दुसऱ्या बागाईतदाराला कळेल. पुण्या-मुंबईच्या घरगुती ग्राहकाला बहार ठाऊक नसतो, तो #नागपूरसंत्रा असेच शोधणार.

छायाचित्र प्रसिद्ध करण्याआधी ती निवडलेला प्रत्येक शब्द एकदा शोधून पाहते, कारण त्याखाली आधीपासून भलतेच काही जमलेले असू शकते. आपले खाते खासगी तर राहिले नाही ना, हेही ती तपासते. तसे असेल तर कितीही नेमका हॅशटॅग लावला तरी अनोळखी माणसाला ते छायाचित्र दिसत नाही.

संध्याकाळी मिरवणूक पांगलेली असते, मारबतींचे दहन झालेले असते. ती पुन्हा आपल्या हॅशटॅगवर बोट ठेवते. तिच्या छायाचित्राशेजारी, बहुधा समोरच्या गच्चीवरून कुणीतरी टिपलेला, तोच बडग्या पाठमोरा उभा आहे, आणि त्याच्या पाठीवरही एक पाटी आहे, जी तिने सकाळी पाहिलीच नव्हती.