प्रो घेतला नाही म्हणून गेमही नाही?

नमस्कार श्रोतेहो. गेमिंग कन्सोल, म्हणजे फक्त गेम खेळायचं मशीन, एकदा घरात आला की सहा-सात वर्षं चिंता नाही, असं आपण धरून चालतो. आणि मध्येच त्याच कन्सोलची जास्त ताकदवान आवृत्ती येते, तिला 'प्रो' म्हणू. सोनीच्या २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मागोमाग २०१६ साली त्याचा प्रो आला. प्लेस्टेशन ५ चा प्रो २०२४ मध्ये आला, तो ७०० डॉलरला, वर डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यायचा! एवढे पैसे मोजल्यावर माणसाला वाटणारच, की फक्त माझ्याच मशीनवर चालतील असे चार गेम काढा. मला विचाराल तर काढू नयेत.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने हे करून पाहिलंय. २०१४ साली जपानमध्ये त्यांच्या ३डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलची ताकदवान आवृत्ती, न्यू निन्टेन्डो ३डीएस, आली. मेमरी दुप्पट, प्रोसेसर तेज, उजवीकडे करंगळीच्या नखाएवढी जादा स्टिक. पुढच्याच वर्षी 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३डी' आला, तो फक्त या नव्यावर चालणारा. पण त्यानंतर असे गेम मोजकेच निघाले. साहजिकच आहे. जुनं मशीन कोट्यवधींच्या हातात असताना मूठभरांसाठी गेम कोण बनवणार?

सोनीने ४ प्रोच्या वेळी स्वच्छ सांगितलं होतं, प्रत्येक गेम साध्या प्लेस्टेशन ४ वरही चालेल. धोरण चांगलंच, पण 'चालेल' म्हणजे कसा चालेल? डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' साध्या प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळत, बंद पडत होता, की सोनीला तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यावे लागले. जुन्या मशीनवर गेम नीट चालत नसेल, तर त्याच्या नावाने विकूच नये. त्यापेक्षा सरळ पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी काढावा.

आता आपल्याकडचं. प्लेस्टेशन ५ प्रो जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही. त्यातल्या वाय-फायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरींना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. म्हणजे खिशात पैसे असूनही दुकानात वस्तू नव्हती. त्यावर खास गेम निघाले असते, तर पुण्या-नाशिकच्या पोरांनी ते खेळायचे कसे? दुबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेची वाट बघत बसायचं, आणि बिघडल्यावर वॉरंटीचं काय, ते विचारायचंच नाही.